जुना लेझर घेताना सॉफ्टवेअर बघायचं की नाही?

रुद्राक्षी: "मशीन चालू झालं, शॉट पडला की घेऊन टाका, सॉफ्टवेअर कसलं तपासताय!" असं परवा इथे एकाने लिहिलं. वाचून राहवलं नाही. मी असाच केस काढायचा जुना लेझर, ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट, घेतला. डेमोला झकास चालला. दवाखान्यात आणून दुसरा हँडपीस (त्वचेवर धरायचा भाग) लावला, तर मशीन तो ओळखेचना. हँडपीस नवा, आतलं व्हर्जन जुनं. अपडेट कंपनीच देणार, आणि मशीन माझ्या नावावर नाही म्हणून आधी पुन्हा प्रमाणित करून घ्या म्हणे. चार महिने त्यावर चादर घालून ठेवली. व्हर्जन कुठलं, लायसन्स कुणाचं, कुठले मोड लॉक आहेत, हे पैसे देण्याआधी स्वतः बघा.

लेन्सकॅप: ते लिहिणारा मीच. वीस वर्षं हेच करतोय. लेझर मरतो तो लॅम्प (आतला फ्लॅश दिवा), ऑप्टिक्स (भिंगं-आरसे) नाहीतर थंड ठेवणाऱ्या चिलरमुळे. एनर्जी मोजायचा मीटर धरा. स्क्रीनवर २० जूल आणि मीटरवर १३ आलं की कळलं. व्हर्जन कसलं बघता?

सर्व्हिसवाला: मीटर हवाच. पण शॉट मोजणारा काउंटर शून्य करून विकतात त्याचं काय? एका मशीनवर लॅम्पचे शॉट दिसत होते ९००, आणि उघडला तर लॅम्पची टोकं काळी ठिक्कर. तुमच्या मीटरवर ते मशीन पास झालं असतं. लॅम्प थकला की तेवढ्याच जूलसाठी व्होल्टेज चढवावं लागतं, आणि स्क्रीनवर कॅलिब्रेशनच्या (एनर्जी जुळवायच्या) पानावर ते मर्यादेला टेकलेलं होतं. चोरी तिथे पकडली.

दवाखाना_२: आणि त्या पानाचा पासवर्ड कोण देतं? खरी बोंब तीच आहे! माझ्या मशीनचा बोर्डावरचा बटण-सेल संपला, तारीख गेली, मशीन सुरूच होईना. सेल मी बदलला, पण तारीख टाकायची सोय त्याच पासवर्डाच्या सर्व्हिस मेनूत. तीन आठवडे पेशंट परत पाठवले. मशीन माझं, किल्ली त्यांची!

लेन्सकॅप: पासवर्ड उघडा झाला की कुणीही एनर्जी वाढवणार. कॅलिब्रेशनशी खेळलेल्या मशीनने भाजलेला एका मुलीचा गाल मी वर्षभर बघत होतो. तुम्ही तो पाहिलेला नाही.

दवाखाना_२: भीती घालू नका! तारीख टाकण्याचा आणि गाल भाजण्याचा संबंध काय? तारखेला वेगळा मेनू द्यायला कुणी अडवलंय?

लेन्सकॅप: तारखेपुरतं ठीक आहे. त्यापुढे नाही.

रुद्राक्षी: दोघेही थांबा. पासवर्ड नसेल तर मी बघायचं कसं?

सर्व्हिसवाला: विकणाऱ्याला त्याचा इंजिनिअर आणायला सांगा. तुमच्यासमोर मेनू उघडू दे, एरर लॉगचे (बिघाडांच्या नोंदींचे) फोटो काढा. हलवण्याआधी डिस्कची कॉपी घ्या. बऱ्याच मशीनचं कॅलिब्रेशन तिच्यातच असतं, आणि जुन्या विंडोज एक्सपीवर चालणारी मशीन अजून फिरतायत.

लेन्सकॅप: व्होल्टेजचं मान्य, मी ते धरलं नव्हतं. पण आधी मीटर, मग स्क्रीन. हे सोडणार नाही.

रुद्राक्षी: चालेल. परवा १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर बघायला जातेय. लॉग पुसलेला निघाला तर?

सर्व्हिसवाला: उठून या.