बी. बी. किंगवरचा रेडिओ कार्यक्रम ऐकला, आता ब्लूज कुठून ऐकू?

गोधडी: रेडिओवर बी. बी. किंग या अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादकावर तासाभराचा कार्यक्रम ऐकला. गिटार फार आवडली, पण गाणं रंगात येतं न येतं तोच निवेदक बोलायला लागायचा. शास्त्रीय थोडंफार कळतं, ब्लूजमधलं काहीच नाही. वाजवायचं नाही, ऐकायचंय. फोन आणि साधे इअरफोन आहेत. बजेट २,५०० रुपये. काय घेऊ?

सुईधागा: रेकॉर्ड प्लेअर घ्या. २०-२५ हजारांत चांगला बेल्ट ड्राइव्ह (पट्ट्यानं तबकडी फिरवणारा) येतो. सूटकेसवाला मात्र नको. त्यात सुईचा भार जुळवता येत नाही, जड सुईनं रेकॉर्डची खाच झिजते.

बाराबार: अहो, बजेट २,५०० आहे. गोधडी, किंगचा 'लाइव्ह ॲट द रीगल' हा अल्बम फोनवर लावा, शिकागोतलं १९६४चं रेकॉर्डिंग. आणि मोजत ऐका. चार ठोक्यांचा एक बार, बारा बारांचं एक आवर्तन. पहिले चार बार षड्जाचा कॉर्ड (षड्जावर उभारलेले, एकत्र वाजणारे सूर), दोन मध्यमाचा, दोन परत षड्जाचा, नववा पंचमाचा, दहावा मध्यमाचा, मग षड्ज. बाराव्यात बहुतेकदा पुन्हा पंचम, की नवं आवर्तन सुरू. शब्दही तसेच: एक ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी. ओळ चार बार भरत नाही, उरलेल्या जागेत गिटार बोलते. किंग गाताना वाजवत नाही, त्यामुळे हे सवाल-जवाब स्वच्छ ऐकू येतात. मिनिटाला ६० ठोक्यांच्या संथ ब्लूजमध्ये एका आवर्तनाला ४८ सेकंद लागतात. रेडिओवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा लावला तर आवर्तनच पुरं होत नाही.

निळाई: किंगचंच 'द थ्रिल इज गॉन' घ्या (१९६९). त्याहून सोपं प्रवेशद्वार नाही.

बाराबार: गाणं उत्तमच, पण मोजायला शिकताना नको. बी मायनरमध्ये आहे (बी हा षड्ज, गंधार कोमल), आणि नवव्या-दहाव्या बारात पंचम-मध्यमाऐवजी जी आणि एफ शार्पचे कॉर्ड येतात. नुकता पाठ केलेला साचा तिथेच मोडतो.

हार्पवाला: हार्मोनिका (माउथ ऑर्गन) घ्याच! सी सुराची, पण जी मधल्या गाण्याबरोबर वाजवायची. दुसऱ्या भोकातून श्वास आत ओढला की जी मिळतो. तीनशेवाली खेळणी नकोत, हवा गळते आणि सूर वाकत नाहीत.

निळाई: त्यांना वाजवायचं नाहीये.

कोमलग: शास्त्रीय कळतंय तर गंधार धरा. साथीच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो आणि किंग त्यावर कोमल गंधार लावून तार किंचित ढकलतो, शुद्धापर्यंत नेत नाही. ब्लूजची सगळी ओढ त्या मधल्या जागेत आहे. सतारीच्या मींडेसारखीच तार आडवी जाते. पैसे खर्चायचेच तर हजार-बाराशेचे वायरवाले इअरफोन घ्या, बास फुगवणारे टाळा. त्यात या बारीक जागा बुडतात.

सुईधागा: रीगल मीही सांगणारच होतो. पण रेकॉर्डवरच ऐका.

हार्पवाला: रेडिओचंच म्हणाल तर हार्मोनिकावाला सनी बॉय विल्यमसन! १९४१पासून अमेरिकेत आर्कान्सॉ राज्यातल्या हेलेनात त्याचा रेडिओ कार्यक्रम, 'किंग बिस्किट टाइम'. बी. बी. किंगलाही रेडिओवर त्यानंच आणलं.

बाराबार: बरोबर, फक्त हा सनी बॉय म्हणजे राइस मिलर. त्याच नावाचा जॉन ली विल्यमसन वेगळा, १९४८मध्ये शिकागोत मारला गेला. शोधताना दोघांची गाणी एकत्र येतात, वर्ष बघून घ्या. जुन्या कलाकारांच्या स्वस्त संग्रहांतही वर्ष बघाच, कारण तीच गाणी उतारवयात पुन्हा रेकॉर्ड करून 'मूळ' म्हणून घातलेली असतात.

गोधडी: सगळ्यांचे आभार. मोजणं जमतंय, पाचव्या बाराला कॉर्ड बदलतो ते आता न चुकता कळतं. पण रीगल नंतर. कार्यक्रमात सांगितलं होतं की किंगचा थरथरता सूर म्हणजे त्याच्या नात्यातल्या बुका व्हाइटच्या स्लाइडचा (तारेवर सरकवायच्या नळीचा) आवाज नुसत्या बोटांनी काढायचा प्रयत्न. म्हणून आधी बुका व्हाइटचं १९४०चं शिकागोतलं रेकॉर्डिंग, आहेत त्याच इअरफोनवर.

सुईधागा: १९४०चं? मग मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डचा प्लेअर लागेल.