बेशुद्ध माणसाच्या खिशातलं कार्ड: काय लिहायचं, कुठं ठेवायचं?

पहाटवारा_रंकाळा
कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या ग्रुपसाठी मेडिकल कार्डं छापायची आहेत. बहुतेक साठीपुढचे. काहींना इन्सुलिन, दोघांना पेसमेकर, एकजण डायलिसिसवर. कुणी चक्कर येऊन पडलं तर १०८ वाल्यांना किंवा सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत माहिती लगेच मिळावी. क्यूआर कोड करावा, की आभा (सरकारी हेल्थ आयडी) नंबर पुरेल? एवढ्याशा कार्डावर नेमकं काय बसवायचं?

गाडीतला_डॉक्टर
क्यूआर आणि आभा, दोन्ही राहू द्या. आभाचा १४ आकडी नंबर ओपीडीत कामाचा, पण रेकॉर्ड उघडायला पेशंटची संमती लागते. बेशुद्ध माणूस ती देणार कशी? क्यूआरमध्ये लिंक असेल तर नेट लागतं, आणि अनोळखी कोड स्कॅन करायला लोक बिचकतात. बिचकावंच.

पहिल्या दहा मिनिटांत उपचार ज्यानं बदलेल तेवढंच लिहा. रक्त पातळ करणारी गोळी सगळ्यात वर. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम चालू असलेला माणूस डोकं आपटून उठला, ‘काही नाही झालं’ म्हणाला, तरी त्याचा सीटी स्कॅन करायचा असतो. आतला रक्तस्राव सावकाश वाढतो. अर्धांगवायूत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देतात, पण ही गोळी चालू असेल तर आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघावा लागतो.

मग इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी. साखर ग्लुकोमीटरवर कळते, कारण कळत नाही. ग्लिमेपिराइडनं उतरलेली साखर ग्लुकोज दिल्यावर वर येते आणि काही तासांनी पुन्हा पडते, म्हणून लगेच घरी सोडत नाहीत.

डायलिसिसवाल्यांच्या कार्डावर: ‘डावा हात फिस्टुला. सुई नको, बीपीचा पट्टा नको.’ फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा. हात कुठला ते मात्र विचारून घ्या. पेसमेकरवाल्यांना कंपनी-मॉडेलचं कार्ड मिळालेलं असतं, त्याची झेरॉक्स सोबत असू दे. अ‍ॅलर्जी असेल तर औषध आणि काय होतं दोन्ही: ‘पेनिसिलिन, अंगावर गांधी, धाप’.

ब्लड ग्रुप लाल अक्षरात छापायची आपल्याकडे भारी हौस. छापा खुशाल. कार्ड वाचून कुणी रक्त चढवत नाही, ग्रुप आणि क्रॉसमॅच (रक्त जुळतं का ती तपासणी) पुन्हा करतातच.

शाहूपुरी_केमिस्ट
औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे ब्रँड नव्हे तर आतल्या मूळ औषधाचं नाव लिहा, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, डोससकट. ब्रँडच्या नावापुढं नुसतं ‘एम’ किंवा ‘फोर्ट’ लागलं तरी आतला मामला बदलतो. ‘बीपीची पांढरी गोळी’ असं लिहून आणणारे भेटतील, त्यांच्याकडून पट्टी मागवा. खाली तारीख टाका. गोळी बदलली की कार्ड बदला.

इंकजेट प्रिंट नको, घामानं शाई पसरते. लेसर प्रिंट घ्या, ८५ × ५४ मिलिमीटर, अक्षर ९ पॉइंटच्या खाली नको. लॅमिनेशनला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर प्लास्टिक सोडायला सांगा. दुकानदार दिसायला बरं म्हणून कागदालगत कापतो आणि जुलैत पाणी आत शिरतं.

एक प्रत पाकिटात लायसन्सजवळ. फिरायला जाताना पाकीट घरीच राहतं, म्हणून दुसरी मोबाइलच्या पारदर्शक कव्हरमागं, अक्षरं बाहेर.

पहाटवारा_रंकाळा
मोबाइलमध्येही माहिती भरून देऊ का सगळ्यांना?

टेंबलाई_टेक
द्या, पण कार्डाऐवजी नको. बॅटरी संपते, स्क्रीन फुटतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी’ शोधा, मेडिकल इन्फो भरा. आयफोनवर हेल्थ अ‍ॅपमध्ये मेडिकल आयडी. दोन्हीकडं लॉक असताना दिसू देण्याचं बटण चालू पाहिजे, तिथंच गाडी अडते. भरून झाल्यावर फोन लॉक करा, दुसऱ्याच्या हातात द्या आणि इमर्जन्सी दाबून माहिती दिसते का ते बघायला सांगा.

नंबर दोन द्या. पहिला बायकोचा असेल तर दुसरा वेगळ्या घरातला, कारण स्कूटरवर दोघं एकत्र असतात. आणि ज्यांचे नंबर दिलेत त्यांना सांगा, अनोळखी कॉल कट करू नका.

गाडीतला_डॉक्टर
एक राहिलं, हे कार्डावर कुणी लिहिणार नाही. छातीत दुखलं की शेजारचा मित्र खिशातली सॉर्बिट्रेट जिभेखाली देतो. त्या माणसानं २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) किंवा ४८ तासांत त्याच कामाची टाडालाफिल घेतली असेल तर बीपी एकदम कोसळू शकतं. ग्रुपला तोंडी सांगून ठेवा, चारचौघांत नको वाटलं तर एकेकाला. आणि दुसऱ्याची गोळी देण्याआधी १०८ लावा.