गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी अग्निवीरची तयारी करू का?

कपाशीवाला_पोरगा (अमळनेर तालुका)
नमस्कार मंडळी. वय 19, आयटीआय चालू आहे. दीड वर्षापूर्वी गावच्या यात्रेत कबड्डी खेळताना रेड मारून मागे फिरलो, पाय मातीत रुतला आणि वरचं अंग फिरलं, आतून कट्ट असा आवाज झाला, पार लाईनबाहेर बसलेल्या पोरांना ऐकू गेला म्हणतात. आधी गावात मालिश केली, हळद-चुना लावला, तीन आठवडे लंगडत कपाशीत पाणी भरलं. मग जळगावला एमआरआय काढला आणि ऑपरेशन. आबांनी एक म्हैस विकली त्यात, त्यामुळे घरी या विषयावर बोलताच येत नाही. आता पाय एकदम ओके आहे, रोज पहाटे 5 ला पळतो, 1600 मीटर 5:40 च्या आसपास बसतं, बीम (पुल-अप) 8 निघतात. प्रश्न एवढाच की मेडिकलला चालेल का? ॲकॅडमीवाले सर म्हणतात आधी फी भर, मेडिकलचं नंतर बघू. एक मित्र म्हणतो सांगूच नको, कोणाला कळतंय.

शिरपूर_एक्सप्रेस
भो 5:40 म्हणजे मस्तच की. 5:30 च्या आत आला तर पूर्ण 60 मार्क, 10 बीमचे 40. टाक्याचे डाग दिसत असतील तर गुडघ्यावर मस्त वाघाचा टॅटू काढून घे, विषय संपला 😂

रिटायर_एनए (पारोळा)
शिरपूरवाले भाऊ, पोराला असलं काही शिकवू नका. टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागे एवढाच चालतो. गुडघ्यावर वाघ काढला तर गुडघा राहील बाजूला आणि वाघामुळे घरी पाठवतील.

पोरा, मी एएमसीत, म्हणजे आर्मीच्या मेडिकल कोअरमध्ये, नर्सिंग असिस्टंट होतो, भरतीच्या मेडिकलला बरीच वर्षं टेप आणि रजिस्टर घेऊन बसलोय. आधी एक सांग, ऑपरेशन नक्की कशाचं झालं? "गुडघ्याचं" म्हणजे काहीच कळत नाही. गादी थोडी घासून काढली असेल तर ती गोष्ट वेगळी, लिगामेंट नवीन बसवलं असेल तर ती वेगळी. डिस्चार्ज कार्ड काढ आणि "ऑपरेशन" पुढे काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाक. स्वतःचं आणि डॉक्टरचं नाव टाकू नको.

कपाशीवाला_पोरगा
काका कार्ड सापडलं, आईने रेशनकार्डच्या पिशवीत ठेवलं होतं. लिहिलंय "आर्थ्रोस्कोपिक एसीएल रिकन्स्ट्रक्शन विथ हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट, एंडोबटन", पुढे अक्षर लागत नाही, बहुतेक स्क्रू लिहिलंय. याचा अर्थ काय?

रिटायर_एनए (पारोळा)
अर्थ असा की तुझी आतली दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटली होती, मांडीच्या मागच्या स्नायूचा दोरा काढून त्याची नवीन दोरी केली, हाडाला बोगदा पाडून त्यातून ओवली आणि वर बटणाने अडकवली. काम चांगलं झालेलं दिसतंय, नाहीतर 5:40 निघालं नसतं.

पण भरतीचं विचारशील तर गोड बोलणार नाही. एअरफोर्सचं तर लेखी आहे, यूपीएससीची एनडीएची जाहिरात काढ, मागे मेडिकलचं परिशिष्ट असतं, त्यात गुडघ्याखाली सरळ लिहिलंय की एसीएल रिकन्स्ट्रक्शन झालेला उमेदवार अनफिट, आणि लिगामेंट ढिलं असलेलंही चालत नाही. ते ऑफिसरचं झालं. जवानाच्या भरतीत माझ्या टेबलावरून असं ऑपरेशन झालेला एकही पोरगा पास झालेला मी पाहिला नाही. आणि पळायला कमी होते म्हणून नाही हं, त्यातले दोघं ग्रुपमध्ये पहिले आले होते.

न सांगण्याचं म्हणशील तर तिथे काय होतं ते सांगतो. कपडे काढून उभं करतात. गुडघ्यापुढे दोन-तीन बारीक टाके आणि खाली आतल्या बाजूला बोटाएवढा उभा व्रण, हे एवढं दिसलं की डॉक्टर अर्धं ओळखतो. मग उकिडवं बसवून बदकासारखं चालायला लावतात. मग झोपवून गुडघा थोडा वाकवतात, एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने पिंढरी पुढे ओढतात, तेव्हा दोरी किती ताणते ते हाताला कळतं. दोन्ही मांड्या टेपने मोजतात, ऑपरेशनचा पाय बऱ्याचदा बारीक भरतो. तरी शंका राहिली तर एक्सरे. बटण धातूचं असतं, फिल्म उजेडाकडे धरली की मांडीच्या हाडावर तांदळाएवढं पांढरं चमकतं. ते कोण लपवणार?

चाळीसगाव_ताई
काकांचं बरोबर आहे पण एक राहिलं. मेडिकल सगळ्यात शेवटी असतं, आधी ऑनलाईन परीक्षा, मग ग्राउंड. म्हणजे हा पोरगा ॲकॅडमीची फी, मेस, जळगाव जिल्ह्याचं ऑफिस संभाजीनगरला म्हणून तिकडच्या चकरा, हे सगळं करून दीड-दोन वर्षांनी टेबलावर जाऊन आपटणार. माझ्या भावाचं तेच झालं, त्याचे तर साधे नॉक नी (गुडघे एकमेकांना टेकतात ते) होते, दोन घोट्यांत अंतर जास्त भरलं. आठ महिने ॲकॅडमीत कोणी एकदा पाय जोडून उभं राहा म्हटलं नाही त्याला, फी मात्र वेळेवर. फी आधी, मेडिकल नंतर म्हणणाऱ्या सरांना म्हणावं आधी एमबीबीएस डॉक्टरकडून तपासून आणू द्या, मग भरतो. बघा कसं तोंड करतात.

धुळेकर_एसआरपी
मी एक वेगळं सांगतो. समज लपवून लागला पण. फॉर्मवर सही करून दिलेली असते की माहिती खरी आहे, खोटी निघाली तर सर्व्हिसमधून कधीही काढतात. आणि ट्रेनिंगमध्ये पाठीवर पिठ्ठू घेऊन खड्ड्यात उडी मारताना तीच दोरी परत गेली तर? अग्निवीरला ड्युटीमुळे अपंगत्व आलं तर 100, 75, 50 टक्क्यांप्रमाणे 44, 25, 15 लाख आहेत, पण ते सेवेमुळे आलेल्याला. जुनं ऑपरेशन एक्सरेत दिसलं की कागदावर "आधीपासूनचं" असं येतं आणि तू दोन्हीकडून गेला. आबांची दुसरी म्हैस विकावी लागेल भो.

शिरपूर_एक्सप्रेस
टॅटूचं गंमतीत होतं भाऊ, सॉरी. पण अनफिट झाला तर अपील करता येतं ना?

रिटायर_एनए (पारोळा)
येतं. अनफिटची चिठ्ठी देतात, दिलेल्या मुदतीत मिलिटरी हॉस्पिटलला स्पेशलिस्टकडून रिव्ह्यू करून घेता येतो. कानात मळ, नखाला बुरशी, दात, वजन, अशात पोरं रिव्ह्यूला फिट होऊन येतात, स्वतः पाहिलंय. पण हाडातला बोगदा रिव्ह्यूला बुजत नाही. तरी तुझं वय आहे, एकदा फॉर्म भरून, खरं लिहून, डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं असेल तर ऐक. फक्त त्यासाठी ॲकॅडमीला हजारो रुपये देऊ नको आणि आयटीआय सोडू नको.

भुसावळ_आजोबा
तू खोटं बोलू नको भो, माले इतलंच समजस. मन्हा सख्खा भाऊ सैन्यात व्हता, त्यानी सांगेल गोष्ट शे, तठे खोटं लपत नही.

आता मराठीत सांगतो, पोराला कळायला पाहिजे. वर्दी हीच पाहिजे की देशाच्या कामात राहायचं, हे आधी ठरव. आपल्या जिल्ह्यातच भुसावळ आणि वरणगाव अशा दोन ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत. 2021 पासून कंपन्या झाल्या, भुसावळची यंत्र इंडियात गेली, वरणगावची म्युनिशन्स इंडियात, वरणगावला गोळ्या-काडतुसं बनतात. मी तिथे मशीनवर आयुष्य काढलं. बंदूक उचलली नाही पण जे तिकडे सीमेवर वाजायचं ते आमच्या हातातून गेलेलं असायचं. आयटीआयच्या पोरांना अप्रेंटिसची जाहिरात निघत असते, मेडिकल तिथेही आहे पण बदकाची चाल नाही. तुझा ट्रेड कोणता?

चाळीसगाव_ताई
पोलिस भरतीपण विचारात घे. 1600 ला 20, 100 मीटरला 15, गोळ्याला 15. पण फॉर्मच्या आधी सिव्हिलला जाऊन त्या गुडघ्याबद्दल विचारून ये, परत तेच नको व्हायला.

कपाशीवाला_पोरगा
सगळ्यांचे आभार. खरं सांगू तर काल रात्री काकांचा रिप्लाय वाचून झोप नाही लागली, आज पहाटे पळायला पण गेलो नाही, बाहेर ओट्यावर बसून दोन्ही मांड्या आईच्या शिवणकामाच्या टेपने मोजल्या. उजवी अडीच सेंटीमीटर बारीक निघाली. मला आजपर्यंत माहीतच नव्हतं. आबांनी पाहिलं, काय मोजतोय विचारलं, मी म्हटलं पॅन्ट शिवायची आहे.

आजोबा, ट्रेड फिटर आहे. पण दोन विषय बॅक आहेत.

भुसावळ_आजोबा
मग आधी ते काढ. परीक्षा कधी आहे?