मदत हवी आहे: टाउपोच्या तुटक फॉल्टवर भूकंप किती मोठा धरायचा?

मंडळी, तीन दिवस डोकं आपटतोय, आता तुम्हीच सांगा.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी न्यूझीलंडमधल्या टाउपो ज्वालामुखी पट्ट्यातल्या सक्रिय फॉल्टचा (जमीन सरकते त्या भेगांचा) नकाशा घेतलाय. कंगव्याने ओरखडल्यासारख्या ईशान्य-नैर्ऋत्य रेघाच रेघा. बऱ्याचशा ५ ते ७ किमीच्या. भेगेच्या लांबीवरून भूकंपाची प्रत (मॅग्निट्यूड) काढायचं वेल्स-कॉपरस्मिथचं (१९९४) सूत्र आहे; त्यातल्या नॉर्मल फॉल्टच्या (ताणामुळे एक बाजू खाली घसरते त्या) सूत्रात प्रत्येकीची लांबी घातली: ४.८६ अधिक १.३२ गुणिले लांबीचा लॉग. उत्तर ५.८ ते ६.

पडताळा म्हणून २ मार्च १९८७ चा त्याच भागातला एजकंबचा भूकंप घेतला. एजकंब फॉल्टवरची मुख्य भेग ७ किमी, म्हणजे सूत्रानुसार ६.०. प्रत्यक्षात झाला ६.५! अर्ध्या आकड्याचा फरक म्हणजे ऊर्जा साडेपाच पट. ८० टनांचं रेल्वे इंजिन आडवं केलं होतं त्याने. एवढी चूक सरांसमोर घेऊन जायची माझी हिंमत नाही.

आणखी एक. तिथे सक्रिय फॉल्ट म्हणजे गेल्या १,२५,००० वर्षांत सरकलेला. पण टाउपोच्या खचदरीपुरती (ताणामुळे खचलेल्या पट्ट्यापुरती) हीच मर्यादा २५,००० वर्षं. धोका जास्त तिथेच सूट?

काळापाषाण:
गडबड सूत्रात नाही, तुमच्या फूटपट्टीत आहे. एजकंबला त्या दिवशी एकच फॉल्ट फाटला नव्हता. आजूबाजूच्या छोट्या भेगा धरून जमिनीवर एकूण १८ किमी फाटलं. १८ घालून बघा.

आणि रेघा सुट्या मोजू नका. एकमेकींकडे ६० अंशांनी कललेल्या दोन रेघा कागदावर काढा, मध्ये १ किमी अंतर ठेवा. ९०० मीटर खोलीच्या आतच त्या एकमेकींना गाठतात. तिथला ठिसूळ थर (ज्यात खडक फाटून भूकंप होतात तो) ६ ते ८ किमी जाड आहे, म्हणजे वर दोन दिसल्या तरी खाली त्यातली एकच पार जाणार. नकाशा फक्त केस दाखवतो, मुळं नाही.

राखेचा_थर:
ती सूट नाही हो, उलट कडक चाळणी आहे. सुमारे २५,५०० वर्षांपूर्वी टाउपो ज्वालामुखीचा ओरुआनुई महाउद्रेक झाला आणि आसपासचा बराच मुलूख राखेखाली गेला. त्याआधीच्या खुणा शोधायच्या कुठे? शिवाय खचदरी सतत ताणली जातेय, फॉल्ट भराभर जन्मतात आणि सोडून दिले जातात. इतक्या घाईच्या जागी २५,००० वर्षं हलला नाही तो बहुधा निवृत्त झाला.

राखेचा फायदाही आहे. फॉल्टवर चर खणला की राखेचे थर मिळतात: टाउपोचा इ.स. २३२ च्या सुमाराचा, ताराविरा ज्वालामुखीचा १३१४ च्या आसपासचा. वरचा अखंड आणि खालचा तुटलेला असेल, तर भूकंप त्या दोघांच्या मधला. लांबीच्या सूत्रापेक्षा माझा भरवसा या चरावर जास्त.

काळापाषाण:
चराबद्दल सहमत, पण फॉल्टवर जमिनीला पडलेली एक पायरी म्हणजे एक भूकंप असं धरून चालू नका. १९२२ मध्ये टाउपो सरोवराजवळ महिनोन्‌महिने धक्क्यांची मालिका चालली आणि उत्तर किनारा ३.७ मीटरपर्यंत खचला. एजकंबची सर्वांत उंच पायरी एका झटक्यातली, तीही २.५ मीटरच्या आसपास. हजार वर्षांनी कुणी या दोन्ही पायऱ्यांवर चर खणला तर १९२२ चाच भूकंप मोठा म्हणेल.

धागाकर्ता:
१८ घातले, ६.५ आले! दोघांचे आभार. (वाचताना कळलं की एजकंबच्या मुख्य धक्क्याआधी सात मिनिटं एक छोटा धक्का बसला, वीज गेली आणि बरेच लोक बाहेर पडले. नशीब म्हणायचं.)

आता नकाशातल्या समोरासमोरच्या रेघा जोड्यांनी बांधतोय. पण एका ओळीत पुढेमागे असलेल्या, मध्ये २-३ किमी मोकळी जागा असलेल्या रेघांचं काय? जोडल्या तर आकडा फुगतो, तोडल्या तर पुन्हा ६.०.

राखेचा_थर:
दोन्ही ठेवा. जोडलेला एक पर्याय, तुटलेला दुसरा, आणि दोघांना वजन द्या. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या चरांत शेवटचा भूकंप त्याच दोन राखांच्या मधे सापडत असेल, तर जोडलेल्याला जास्त द्या. चरांची माहिती आहे का तुमच्याकडे?

धागाकर्ता:
एका बाजूची आहे. दुसऱ्या बाजूची शोधतो, मिळाली की इथेच टाकतो.