घराट पुन्हा सुरू करायचे आहे: आधी चाक, जाते की पाट?

कोथरूडचा आजोबा:
नमस्कार. माझ्या सुनेचे माहेर गढवालमधल्या एका खेड्यात असून, गावाखालच्या ओढ्यावर त्यांचे घराट, म्हणजे पाण्यावर चालणारे जाते, बरीच वर्षे बंद आहे. विजेची गिरणी आल्यावर दळण तिकडे गेले आणि पुढे एका पावसाळ्यात पाटाचा काही भाग खचला. जात्याच्या दोन्ही तळ्या, म्हणजे दगड, शाबूत आहेत. चाकाच्या लाकडी पात्या मात्र कुजल्या आहेत. आधी नवे लोखंडी चाक बसवावे, असे व्याह्यांचे म्हणणे आहे. छत्रपती संभाजीनगरला बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली पाणचक्की सहलीत पाहिली होती, तेवढीच माझी पुंजी. सुरुवात कोठून करावी?

निवृत्त अभियंता, कर्वेनगर:
पाटापासून करावी. आपण पाहिलेल्या पाणचक्कीचेही खरे कौशल्य जात्यात नसून, हर्सूलकडून मातीच्या नळांनी पाणी आणण्यात आहे. हिशेब सोपा आहे: पाटात ४० सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर खोल पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहत असेल, तर सेकंदाला ४० लिटर मिळतात. ते ४ मीटरांवरून पडले, तर सुमारे १,५७० वॅट शक्ती होते आणि साध्या लाकडी चाकाच्या हाती त्यातली पाव आली, तरी जेमतेम अर्धा अश्वशक्ती उरते, म्हणजे आपल्या पुण्यातल्या घरघंटीच्या मोटारीच्या निम्मी. अशा वेळी पाटाच्या भेगांतून निम्मे पाणी झिरपले, तर चाक कितीही चांगले असले तरी काय करणार?

पाणी_प्रेमी:
जॉन स्मीटन यांनी १७५९ साली प्रयोगांनी दाखवले होते की, वरून पाणी पडणारे उभे चाक खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकाच्या सुमारे दुप्पट काम देते. मग उभेच चाक का बसवू नये?

निवृत्त अभियंता, कर्वेनगर:
कारण उभ्या चाकाची गती आडव्या जात्याला द्यायची, तर दातेरी चाके लागतात आणि ती दुरुस्त करणारा गावात हवा. घराटाचे चाक आडवे असते. त्याचा उभा दांडा खालच्या तळीतून वर येऊन वरच्या तळीला थेट फिरवतो. शिवाय ते घराटच राहिले पाहिजे, असे माझे मत आहे. पात्या लोखंडी करण्यास माझा विरोध नाही. लाकडी ठेवल्यास मात्र चाक कोरडे पडू देऊ नये. एका कामात आम्ही नवे चाक दोन महिने उन्हात ठेवले आणि ते बसवण्याआधीच तडकले.

जात्यावरची:
तळ्यांविषयी थोडे. माझे आजोबा मुळशीकडे जात्यांना टाकी लावत, म्हणजे छिन्नीने तळ्यांवर खाचे पाडत. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या तळीचे खाचे गुळगुळीत झालेले असतात, त्यामुळे दाणा फुटण्याऐवजी नुसता चेपला जातो. टाकी लावल्यावर पहिली भरड गुरांना घालावी, कारण तिच्यात दगडाची कच येते. धान्याच्या टोपलीला लोंबणारी काठी वरच्या तळीवर टेकलेली आहे ना, हेही पाहावे. तळी फिरते तशी काठी थरथरते आणि दाणे पडतात. पाणी वाढून तळी जोरात फिरू लागली की दाणेही आपोआप जास्त पडतात. टोपली रिकामी झाली आणि कोणाचे लक्ष नसले, तर दगडावर दगड घासून टाकी एका रात्रीत बोथट होते.

कोथरूडचा आजोबा:
आभारी आहे. व्याह्यांशी बोललो, काठी आहे, टोपली उंदरांनी खाल्ली आहे. लोखंडी चाकाची खरेदी लांबवून, आधी खचलेला पाट दगडात बांधून घ्यायचे ठरले आहे. पाणी सोडून मोजमाप झाले की आकडे येथेच लिहीन.