रोज पोळ्या उरतात, कोथिंबीर सडते... मुळात उरूच नये यासाठी काय करता?

लेकीचा_डबा:
घरात आम्ही चौघं, सासूबाई, मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. रोज चार-पाच पोळ्या उरतात कारण नवऱ्याचा फोन येतो साडेसातला, "अगं मी ऑफिसात खाल्लंय", तोवर पोळ्या लाटून झालेल्या असतात. मग दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी, तिसऱ्या दिवशी परत फोडणीची पोळी, आता लेक डबा नुसता उघडून बघते आणि तसाच परत आणते. कोथिंबीर स्वस्त दिसली की दोन जुड्या घेतो आणि गुरुवारपर्यंत पिशवीत काळा चिखल. फ्रिजमधे स्टीलचे बारके डबे, परवा एक उघडला तर आमटी होती की सांबार तेच कळेना. उरलेल्याच्या रेसिप्या नकोत हो, त्या सगळ्या येतात.

ताकभात:
कणीक भिजवायच्या आधी माणसं मोजा. आमच्याकडे सहाला घरच्या ग्रुपवर मेसेज जातो, "पोळ्या किती?" उत्तर आलं नाही तर त्या माणसाच्या पोळ्या धरत नाही, त्याने भात खायचा. दोनदा नुसता भात खाल्ला की लोक बरोबर रिप्लाय द्यायला लागतात 😀 आणि भिजवली म्हणून सगळी लाटलीच पाहिजे असं कुठेय, उरलेल्या गोळ्याला तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमधे टाका, सकाळी जरा काळपट दिसते पण पोळी होते चांगली. दुसऱ्या दिवशी संपवा मात्र.

मंडईवाली:
कोथिंबीर ओली ठेवता का? भाजीवाला पाणी मारून देतो ना, ती तशीच पिशवीत कोंबली की सडणारच. आल्या आल्या पेपरवर पसरायची, मुळं कापायची, पिवळी पानं काढायची, धुवायची नाही, आणि डब्यात खाली-वर सुती फडकं घालून ठेवायची. फडकं ओलसर लागलं की बदला, माझी आठ-दहा दिवस आरामात टिकते. काड्या फेकू नका, हिरव्या मिरचीच्या वाटणात पानांपेक्षा काड्यांनाच जास्त वास. दोडक्याच्या शिरांचंही तेच, जरा तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ. आमच्याकडे दोडक्याची भाजी उरते पण ही चटणी नाही, हल्ली तर चटणीसाठीच दोडका आणते असं म्हणायला हरकत नाही.

वजनकाटा:
युनोच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधे माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिलाय, साली-हाडं धरून. मला वाटलं आपलं कुठलं एवढं, म्हणून आठवडाभर वेगळी बादली ठेवून वजन केलं. तिघांचं सव्वातीन किलो, म्हणजे अगदी अव्वल नंबरचे सरासरी भारतीय निघालो! साली-देठं सोडली तर बाकी बहुतेक आधीची भाजी घरात असताना आणलेली भाजी होती. आता मंडईत जायच्या आधी फ्रिज उघडून मोबाइलवर फोटो काढतो. डब्यांवर चिकटपट्टी लावून वार लिहितो, आणि जुने डबे पुढे.

शिळा_भात_नको:
एक सांगू का, वाया जाऊ नये म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकू नका. तांदळातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात उबेत राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करून जात नाही. जेवणं झाली की भात ताटात पसरून लवकर गार करा आणि फ्रिजमधे ठेवा, दोन तासांच्या आत.

लेकीचा_डबा:
सगळ्यांचे आभार. चिकटपट्टी आजच लावली, सासूबाईंनी हौसेने वार लिहिले, आमटीवर "आमटी" असंही लिहिलंय. सहाला मेसेज टाकला, नवऱ्याने लगेच "०" पाठवला, म्हणून मोजून आठच पोळ्या केल्या. आणि साडेआठला साहेब दारात हजर, सोबत एक मित्र. पिठलं-भात लावलाय.