सौर ‘किमान’ म्हणजे काय किमान?

गिरगावकर: शाळेच्या विज्ञान मंडळासाठी सौरडागांवर टिपण लिहितोय. साधारण अकरा वर्षांनी डाग जवळजवळ दिसेनासे होतात, त्या काळाला काय म्हणावं? ‘सौर किमान’ वाचलंय, पण अर्धवट वाटतं.

अनघा_मुलुंड: खटकणारच. ‘कुलाब्याचं किमान तापमान’ म्हणताना पुढे नाम असतं, इथे तेच गळलंय. ‘सौर किमानकाळ’ लिहा. २००८ मध्ये २६६ दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता, त्याला काळच म्हणायला हवं. ‘सौर कलंक’ मात्र नको, तो हिंदीतला. आपल्याकडे कलंक चंद्राला नाहीतर घराण्याला लागतो.

नाना: ‘शांत सूर्य’ काय वाईट?

अनघा_मुलुंड: शांत फक्त डागांपुरता. उलट तेव्हा दूरच्या अवकाशातून येणारे वैश्विक किरण पृथ्वीपर्यंत जास्त पोचतात. आणि आत तयारी चालूच असते. डाग बहुधा जोडीने येतात, विरुद्ध चुंबकीय ध्रुवांचे. जोडी जरा तिरकी असते, मागचा डाग सूर्याच्या ध्रुवाकडे झुकलेला. डाग विरले की मागच्याचं चुंबकत्व वाहत ध्रुवाशी जातं, तिथलं जुनं आधी पुसतं, मग नवं साठतं. ही साठवण किमानकाळाच्या सुमारास भरात असते आणि डागांच्या पुढच्या अकरा वर्षांच्या चक्राचा जोर बराचसा तिच्यावर ठरतो. २३व्या चक्राच्या अखेरीस, म्हणजे त्या २००८ च्या सुमारास, ती दुबळी होती. किमानकाळ रेंगाळला, २४वं चक्रही अशक्तच निघालं.

वेसावकर: आमच्या दर्याची जोडी घ्या की, मोठ्या भरतीचं उधाण आणि लहान भरतीचा भांग. ‘सौर भांग’!

गिरगावकर: होळीच्या अंकात छापतो.

अनघा_मुलुंड: जोडी झकास आहे हो, पण भांगाची भरती पंचांग बघून सांगता येते. डागांचं चक्र कधी नऊ वर्षांत आटोपतं, कधी चौदाच्या जवळ जातं.

नाना: मग ‘माँडर मिनिमम’ म्हणतात त्याचं काय? १६४५ ते १७१५, सत्तर वर्षं डाग क्वचितच.

अनघा_मुलुंड: तिथे ‘किमानकाळ’ लिहिलंत तर मुलं गोंधळतील. तो दोन चक्रांमधला खळगा नाही, एकामागून एक चक्रंच क्षीण झाली होती. मी ‘महाकिमान’ लिहीन.

गिरगावकर: आणि डाग भरपूर असतात तेव्हा ‘सौर कमाल’ चालेल?

नाना: नुसतं ‘कमाल’ लिहू नका. वर्गातलं एखादं कार्टं ‘सूर्याची कमाल आहे बुवा’ म्हणणारच.

गिरगावकर: कमालकाळ. ठरलं.